आदर्श भविष्यात दोषाची जागा

आदर्श समाजाची गोष्ट लिहिणाऱ्याला एक अडचण पहिल्या पानापासून छळते. त्याच्या जगात उपासमार नाही, सावकार नाही, युद्ध नाही. मग तिथली माणसे भांडणार कशावरून? आणि भांडणच नसेल तर गोष्ट पुढे कशी सरकणार? लोकपरंपरेने रामराज्याचे एवढे गुणगान केले, पण त्यातही सीतेविषयी नको ते बोलणारा धोबी ठेवलाच. पाश्चात्त्य विज्ञानकथेला आपला धोबी कुठे बसवावा हे ठरवायला शंभराहून अधिक वर्षे लागली. कधी तो पाहुणा म्हणून आला, कधी त्याची बेटावर रवानगी झाली, कधी तो शेजारच्या ग्रहावर किंवा सरहद्दीवर राहिला. घरातल्या खुर्चीवर तो फार उशिरा बसला, आणि तेव्हाही घरच्यांनी कुरकुर केलीच.

एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकाची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी १८८८ साली निघाली. तिचा नायक ज्युलियन वेस्ट १८८७ मध्ये बॉस्टन शहरात झोपतो आणि २००० साली जागा होतो. तोवर सगळे उद्योगधंदे राष्ट्राच्या मालकीचे झालेले असतात आणि डॉक्टर लीट नावाचे यजमान त्याला ही नवी व्यवस्था समजावून सांगत राहतात. कादंबरी प्रचंड खपली. पण नव्या बॉस्टनचे रहिवासी चुकत नाहीत, चिडत नाहीत. गुन्हा म्हणजे पूर्वजांच्या रानटीपणाचा शेष, अशी तिथली समजूत. त्यामुळे गुन्हेगाराला तुरुंगात नव्हे, रुग्णालयात पाठवतात. सगळ्या पुस्तकात मन थाऱ्यावर नसलेला माणूस एकच, तो म्हणजे जुन्या शतकातून आलेला पाहुणा. वाचक त्यालाच धरून राहतो, कारण डॉक्टर लीट हे पात्र कमी आणि माहितीपत्रक जास्त आहेत.

विल्यम मॉरिस या इंग्रज कवी-कारागिराला बेलामीचे हे शिस्तशीर स्वर्गसुख पसंत पडले नाही. त्याने १८९० मध्ये ‘कॉमनवील’ या समाजवादी साप्ताहिकात ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ क्रमशः लिहिली. तीही सुखी भविष्याचीच कथा, पण मॉरिसने दोन फटी मुद्दाम ठेवल्या. एका गावात प्रेमातल्या मत्सराने वेडा झालेला तरुण आपल्या प्रतिस्पर्ध्यावर धावून जातो आणि झटापटीत स्वतःच मरतो; वाचलेल्याचे मन कसे सावरावे याची शेजाऱ्यांना चिंता पडते. मालमत्ता गेली म्हणून मत्सर गेला नाही, हे मॉरिसने मान्य केले. दुसरी फट अधिक मजेदार आहे. थेम्सकाठी एक म्हातारा भेटतो. त्याला हे सगळे सुख अळणी वाटते. जुन्या काळातल्या कादंबऱ्या आताच्यापेक्षा जिवंत होत्या आणि त्याचे कारण तेव्हाची स्पर्धा, असा त्याचा दावा. त्याची नात त्याला झिडकारते. शंभर वर्षांनी हॉलिवूडमध्ये पगारी लेखक हीच तक्रार करणार होते, पण मॉरिसला ती आधीच सुचली आणि त्याने ती एका कुरकुऱ्या आजोबांच्या तोंडी घालून हसण्यावारी नेली.

एच. जी. वेल्सने १९०५ च्या ‘अ मॉडर्न युटोपिया’मध्ये बेटांचा उपाय काढला. दारुडे, फसवे, सुधारण्यापलीकडचे लोक स्वतंत्र बेटांवर. तिथे त्यांनी आपसांत खुशाल एकमेकांना फसवावे. पण वेल्सची खरी करामत वेगळीच आहे. निवेदकाबरोबर तो एक वनस्पतिशास्त्रज्ञ पाठवतो. आदर्श ग्रहावर पोचूनही हा गृहस्थ आपल्या फसलेल्या प्रेमाचेच रडगाणे गात राहतो, आणि अखेर त्याच्याच उद्रेकाने ते सगळे जग बुडबुड्यासारखे फुटते. सदोष माणूस आत आला तर आदर्श जग टिकत नाही, ही भीती इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुणी मांडली असेल. तीन वर्षांनी, १९०८ मध्ये, अलेक्सांद्र बोग्दानोव या रशियन डॉक्टर-क्रांतिकारकाने ‘लाल तारा’ लिहिली. तिच्यात मंगळावरच्या समाजवादी समाजात गेलेला लिओनीद हा पृथ्वीवासी मनाने खचतो आणि एका मंगळवासी शास्त्रज्ञाचा खून करतो. हाही पाहुणाच. मात्र मेलेला शास्त्रज्ञ पृथ्वीवरची मानवजात संपवून तो ग्रह घ्यावा असा हिशेब थंडपणे मांडत होता, त्यामुळे दोष कुणाचा हे बोग्दानोव सोपे ठेवत नाही.

पुढे याच रशियात दोषाला सरकारी मनाई झाली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सोव्हिएत साहित्यात ‘संघर्षहीनतेचा सिद्धान्त’ चालला: समाजवादी समाजात वर्ग उरले नाहीत, म्हणून नाटकात भांडण असलेच तर ते चांगल्याचे अधिक चांगल्याशी असावे. नाटके इतकी बेचव झाली की १९५२ मध्ये खुद्द ‘प्रावदा’ने या सिद्धान्तावर टीका केली. इवान येफ्रेमोव या जीवाश्मशास्त्रज्ञाची ‘अँड्रोमेडा’ ही कादंबरी १९५७ साली आली तेव्हा हे वळण ताजे होते. तिच्यातला म्वेन मास हा मोठा अधिकारी परवानगीवाचून एक धाडसी प्रयोग करतो, एक उपग्रह नष्ट होतो, माणसे मरतात. तो दोष स्वतःवर घेतो आणि ‘विस्मृतीच्या बेटा’वर निघून जातो. पुन्हा बेट! पण वेल्सच्या बेटावर लोकांना पाठवले जाई, येफ्रेमोवचा माणूस लाजेने स्वतः जातो. आणि तो पाहुणा नसून त्या समाजाच्या ऐन मध्यातला आहे.

अर्कादी आणि बोरीस स्त्रुगात्स्की या भावांनी १९६२ मध्ये बाविसाव्या शतकातल्या सुखी पृथ्वीच्या कथा प्रसिद्ध केल्या आणि नंतर वीसहून अधिक वर्षे तेच जग उसवत राहिले. १९६४ च्या ‘देव होणे कठीण’मध्ये पृथ्वीचा सुसंस्कृत अंतोन एका सरंजामी ग्रहावर वेष बदलून राहतो. मध्ये पडायचे नाही, हात उगारायचा नाही, असा नियम आहे. प्रेयसी मारली गेल्यावर तो तलवार उपसतो. इथे दोष शेजारच्या ग्रहावर उघडा पडला. १९७९-८० मध्ये आलेल्या ‘वारुळातला भुंगा’ या कादंबरीत तो घरी आला. पृथ्वीच्या सुरक्षेचा प्रमुख सिकोर्स्की केवळ संशयावरून एका माणसाला गोळ्या घालतो, आणि मेलेला धोकादायक होता की निष्पाप, हे लेखक शेवटपर्यंत सांगत नाहीत.

अर्सुला ले ग्विनच्या १९७४ च्या ‘द डिस्पझेस्ड’मध्ये दोष व्यवस्थेच्या सांध्यातच आहे. अनारेस या उजाड ग्रहावर मालक नाहीत, सरकार नाही; पण साबूल हा ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ तरुण शेवेकच्या संशोधनावर स्वतःचे नाव चिकटवतो, आणि कायदाच नसल्यामुळे त्याच्याविरुद्ध दाद मागायला जागा नाही. लोक काय म्हणतील, हाच तिथला पोलीस. संशोधनसंस्थांच्या वाऱ्याला उभा राहिलेला कोणीही साबूलला ओळखेल.

कादंबरीकार एकटा असतो. त्याला आपल्या कल्पलोकात हवा तो धोबी बसवता येतो. दूरचित्रवाणीवर तसे नसते. तिथे दर आठवड्याला गोष्ट लागते, ती अनेकांनी मिळून लिहायची असते, आणि आदर्श कोणता हे ठरवणारा मालिकेचा जनक वेगळाच असतो. म्हणून या प्रश्नावरची सर्वांत लांब आणि सर्वांत जास्त नोंदवली गेलेली तणातणी ‘स्टार ट्रेक’च्या लेखकांच्या खोलीत झाली.

जीन रॉडनबेरी हा युद्धकाळात बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक होता, नंतर काही वर्षे लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात होता. माणसाचे दोष त्याला पुस्तकातून कळलेले नव्हते. ८ सप्टेंबर १९६६ रोजी त्याची मालिका अमेरिकेत सुरू झाली आणि तीन पर्वांनंतर, ७९ भागांवर, १९६९ मध्ये बंद पडली. भारतात दूरदर्शनने १९८० च्या दशकात ती दाखवली, तेव्हा अवकाशयानावरच्या परग्रहवासी स्पॉकचे टोकदार कान मराठी घरांतही ओळखीचे झाले. या पहिल्या मालिकेत दोषाला मज्जाव नव्हता. डॉक्टर मॅककॉय स्पॉकला जातीवरून बोलावे तसे त्याच्या हिरव्या रक्तावरून टोमणे मारतो. रिचर्ड मॅथेसनने लिहिलेल्या एका भागात कॅप्टन कर्कचे यंत्रातल्या बिघाडाने दोन तुकडे होतात, एक सज्जन आणि एक दुष्ट. आणि सज्जन तुकड्याला साधा निर्णय घेता येईनासा होतो. दोष काढून टाकला तर नेतृत्वही जाते, असे ही मालिका तेव्हा बिनदिक्कत सांगत होती.

तरी सीमारेषा होतीच, आणि ती हार्लन एलिसनला आडवी आली. १९६७ मध्ये दाखवलेल्या ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ या भागाच्या त्याच्या मूळ संहितेत बेकविथ नावाचा यानावरचाच एक कर्मचारी अमली पदार्थ विकतो आणि खून करतो. शेवटी इतिहास वाचवण्यासाठी प्रिय स्त्रीला मरू देण्याची वेळ येते, तेव्हा कर्कला ते जमत नाही; स्पॉकला हात घालावा लागतो. रॉडनबेरीला दोन्ही नको होते: आपल्या यानावर असला माणूस नसेल, आणि आपला कॅप्टन असा डगमगणार नाही. संहिता अनेक हातांनी पुन्हा लिहिली गेली. पडद्यावर बेकविथ नाही. मॅककॉयला चुकून औषधाची जबर मात्रा टोचली जाते. म्हणजे गुन्ह्याचा अपघात झाला. कर्क स्वतःच मॅककॉयला अडवतो आणि ती स्त्री मरते. गंमत अशी की दाखवलेल्या भागाला ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि एलिसनच्या न दाखवलेल्या मूळ संहितेला लेखकसंघाचा पुरस्कार. एलिसन हा राग आयुष्यभर विसरला नाही. १९९६ मध्ये त्याने मूळ संहिता भल्यामोठ्या प्रस्तावनेसह छापली.

मालिका बंद पडल्यावर तिचा चाहतावर्ग वाढतच गेला. संमेलनांतून, महाविद्यालयांतल्या व्याख्यानांतून रॉडनबेरी भविष्याविषयी बोलू लागला, आणि करमणुकीच्या मालिकेचा हळूहळू जाहीरनामा झाला. २८ सप्टेंबर १९८७ रोजी ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही नवी ‘स्टार ट्रेक’ मालिका सुरू झाली तेव्हा नियम कडक होता: चोविसाव्या शतकातला माणूस लोभ, मत्सर आणि क्षुद्र भांडणे मागे टाकून आलेला आहे, म्हणून यानावरचे मुख्य अधिकारी एकमेकांशी भांडणार नाहीत. सोव्हिएत नाटककारांनी हा नियम लगेच ओळखला असता. पहिली दोन वर्षे लेखक आले आणि गेले. जुन्या मालिकेतले अनुभवी हातही टिकले नाहीत. भांडण बाहेरूनच आणायचे असल्याने दर आठवड्याला नवा परग्रहवासी किंवा यंत्रबिघाड शोधावा लागे.

१९८९ मध्ये, तिसऱ्या पर्वात, मायकेल पिलर लेखकांचा प्रमुख झाला. या बंधनाला तो रॉडनबेरीची पेटी म्हणे. इतर लेखक पेटीला डोके आपटून घेत. पिलरला मात्र पुढे ती आवडू लागली, कारण सोपा रस्ता बंद असल्यामुळे नवा शोधावा लागतो. बाहेरच्या कोणीही संहिता पाठवावी, अशी मुभा त्याने दिली, आणि त्या ढिगातून रोनाल्ड मूर हा पंचविशीतला मुलगा सापडला. मूरच्या पहिल्याच संहितेत यानावरच्या एका लहान मुलाची आई मोहिमेत मरते. रॉडनबेरीचा आक्षेप असा, की त्या शतकातले मूल मृत्यू स्वीकारायला शिकलेले असेल. ते रडणार नाही. लेखकांनी पेच उलटवला. पोरगे रडतच नाही, आणि गोष्ट त्या न रडण्याचीच झाली: परग्रहवासी त्याच्यासाठी आईची प्रतिमा उभी करतात आणि त्याचे दाबलेले दुःख व राग त्याच्याकडून कबूल करून घ्यावे लागतात. ‘द बाँडिंग’ हा भाग ऑक्टोबर १९८९ मध्ये दाखवला गेला. पेटीचा फायदा पिलर कशाला म्हणत होता, ते याहून चांगले दाखवता येत नाही.

पुढच्या वर्षी मूरने या नव्या मालिकेतल्या कॅप्टन पिकार्डला फ्रान्समधल्या घरी पाठवले. बोर्ग या शत्रूच्या कैदेत मन मोडलेला पिकार्ड मोठ्या भावाशी द्राक्षमळ्याच्या चिखलात मारामारी करतो आणि तिथेच ओक्साबोक्शी रडतो. रॉडनबेरीला ही भावंडांची तेढ मुळीच रुचली नाही. सहकाऱ्यांनी बाजू लावून धरली म्हणून भाग झाला. त्याच १९९० साली रेजिनाल्ड बार्क्ले आला. हा अडखळत बोलणारा, बैठकीला उशिरा येणारा अभियंता. वरिष्ठ त्याच्या नावाचा अपभ्रंश करून त्याला ‘ब्रोकोली’ म्हणतात. तो होलोडेकच्या आभासी दुनियेत सहकाऱ्यांचेच पुतळे बनवून त्यांच्यावर हुकूम गाजवतो. बार्क्लेमुळे एक गोष्ट उघडी पडली: त्या निर्दोष अधिकाऱ्यांना आपल्यातला एक घाबरट माणूस सांभाळता येत नव्हता. दोष दाखवायला आणलेल्या पात्राने गुणवंतांचाच दोष दाखवला. तो पाहुणा कलाकार होता, पण परत परत आला, आणि १९९९ मध्ये ‘व्हॉयेजर’ मालिकेत हरवलेल्या यानाशी संपर्क जोडला तो याच बार्क्लेने, पुन्हा होलोडेकच्या नादी लागून.

मुख्य पात्रांना हात लावता येईना तेव्हा सगळा दोष वरिष्ठांच्या खात्यावर टाकायची सवय लागली. निवृत्तीतून परत येऊन बंडखोरांच्या शोधात निरपराध्यांची झडती घेणारी अॅडमिरल सॅटी (१९९१), करार मोडून बेकायदा यंत्र बनवणारा अॅडमिरल प्रेसमन (१९९४): पृथ्वीचे आरमार अॅडमिरलांवाचून जास्त सुखी झाले असते. वेल्सच्या बेटाचेच हे नवे रूप. वेस्ली क्रशर हा मात्र जरा निराळा प्रकार. रॉडनबेरीने आपले मधले नाव देऊन घडवलेला हा हुशार मुलगा. १९९२ च्या ‘द फर्स्ट ड्यूटी’मध्ये तो मित्राच्या मृत्यूविषयी खोटी साक्ष देतो. त्याने मित्रांशी इमान राखावे की खरे बोलावे, यावर मूर आणि पिलर यांचा वाद झाला. पिलरचे म्हणणे राहिले आणि वेस्ली खरे बोलला. तोवर रॉडनबेरी हयात नव्हता. २४ ऑक्टोबर १९९१ रोजी तो वारला. जाण्याआधी काही दिवस त्याने ‘स्टार ट्रेक’चा सहावा चित्रपट पाहिला होता. त्यात मुलाच्या मारेकऱ्यांची जमात म्हणून क्लिंगॉनांचा द्वेष करणारा कर्क आहे, आणि त्यावरून रॉडनबेरी व दिग्दर्शक निकोलस मेयर यांची आधीच जुंपली होती.

३ जानेवारी १९९३ रोजी सुरू झालेल्या ‘डीप स्पेस नाइन’ या पुढच्या मालिकेने पेटी मोडली नाही, तिच्या शेजारी घर बांधले. अवकाशस्थानक सरहद्दीवर, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या बाजोर ग्रहापाशी. तिथली कीरा ही पूर्वाश्रमीची सशस्त्र बंडखोर, क्वार्क हा नफेखोर गुत्तेवाला, गॅरक हा शत्रूचा माजी हेर आणि आताचा शिंपी. यांतले कोणीच पृथ्वीचे नाहीत, मग नियम लागू कसा होणार? लेखकांनी शोधलेली ही पळवाट होती, पण तिच्यातून काहीतरी निराळे उगवले. १९९४ मध्ये स्थानकाचा प्रमुख सिस्को चिडून सांगतो की पृथ्वीवर दारिद्र्य नाही, गुन्हा नाही, त्यामुळे तिथे संत होणे सोपे आहे; सरहद्दीवरच्या विस्थापितांना ती सोय नाही. आयरा स्टीव्हन बेअर या प्रमुख लेखकाला हाच धागा हवा होता.

एप्रिल १९९८ मध्ये लागोपाठच्या आठवड्यांत दोन भाग आले. ८ तारखेच्या भागात ‘सेक्शन ३१’ ही गुप्त संघटना प्रथमच दिसली: नंदनवन टिकावे म्हणून त्याच्या नियमांबाहेर वागणारी. १५ तारखेच्या ‘इन द पेल मूनलाइट’मध्ये सिस्को हरत चाललेल्या युद्धात तटस्थ रोम्युलनांना ओढण्यासाठी खोटा पुरावा बनवतो. लाच, धमकी, बनावट, आणि शेवटी गॅरकच्या हातून रोम्युलन सिनेटरचा खून. डाव यशस्वी होतो. सगळी हकीकत सिस्को रोजनिशीत स्वतःच्या तोंडाने सांगतो, हे ओझे घेऊन जगता येईल असे स्वतःला बजावतो, आणि नोंद पुसून टाकतो. इथे दोष पाहुण्याचा नाही, अॅडमिरलचा नाही, खुद्द नायकाचा आहे. त्याला शिक्षा होत नाही आणि भाग त्याला माफही करत नाही. हा रॉडनबेरीच्या स्वप्नाचा द्रोह आहे, असे अनेक प्रेक्षकांना वाटले. ती तक्रार सेक्शन ३१ च्या बाबतीत बरीचशी खरी आहे, कारण नंदनवन मुळात गुप्तहेरांवरच उभे होते असे म्हटले की नंदनवन उरत नाही. सिस्कोबाबत ती खरी नाही. त्याला आदर्श मान्य आहे, म्हणून तर त्याला नोंद पुसावी लागते.

‘व्हॉयेजर’ने १९९५ मध्ये बंडखोर आणि शिस्तीचे अधिकारी एकाच यानात कोंबले, पण थोड्याच भागांत सगळे एका गणवेशात शहाण्यासारखे वागू लागले. मूर १९९९ मध्ये त्या मालिकेत गेला आणि लवकरच बाहेर पडला. २००३ पासून त्याने ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नव्याने उभी केली. तिच्यात दारुडे अधिकारी आहेत, फितुरी आहे, सूड आहे, पण आदर्श समाज नाही. पडक्या घरात माणसे पडकी असणारच, त्यामुळे मूळ अडचण तिथे सुटली नाही, टळली.

२०१७ च्या ‘डिस्कव्हरी’ या ‘स्टार ट्रेक’ मालिकेची नायिका पहिल्याच दोन भागांत बंड करून जन्मठेपेची कैदी होते, आणि मुख्य पात्रांमधल्या संघर्षाचा जुना नियम आपण सैल केल्याचे निर्मात्यांनी उघड सांगितले. तरी त्याच पर्वातला कठोर, कपटी कॅप्टन लॉर्का अखेर दुसऱ्या विश्वातून आलेला तोतया निघाला. दोषी माणूस आपला नव्हेच! बेलामीचा पाहुणा १२९ वर्षांनी वेष बदलून परतला होता. उलट ‘लोअर डेक्स’ (२०२०-२०२४) या व्यंगचित्रमालिकेत चढाओढ, आळस, हेवा आणि बढतीची हाव कनिष्ठ अधिकाऱ्यांत राजरोस नांदते, आणि त्यांचा आदर्श समाज त्याने जराही हादरत नाही. वेल्सला हे पटले नसते.

कधी दोष आदर्श समाजाच्या कायद्यातच असतो, आणि माणसांत जनुकबदलाला मनाई करणाऱ्या कायद्याची गोष्ट अजून चालू आहे. ‘डीप स्पेस नाइन’मध्ये १९९७ साली डॉक्टर बशीरचे रहस्य फुटले: लहानपणी आईवडिलांनी त्याच्यात बेकायदा जनुकबदल करवून घेतले होते. त्याची नोकरी वाचावी म्हणून वडिलांनी दोन वर्षांचा कारावास पत्करला. २०२३ मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या एका भागात कॅप्टन पाइकची उपप्रमुख ऊना हिच्यावर त्याच कायद्याखाली खटला चालला. तिने आरमारात येताना आपला वंश लपवला होता. तिच्या वकिलाने छळातून पळून आलेल्यांना आश्रय देण्याच्या तरतुदीवर बोट ठेवले, आणि न्यायालयाने ऊनाला सोडून कामावर परत घेतले. तो कायदा मात्र रद्द झाला नाही.